मागचं चाक, पुढचं चाक आणि दान्ते जाकोसा

३० ऑक्टोबर २०२३ या दिवशी मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. तिची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओमध्ये झाली होती. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य २० वर्षांचं, त्यामुळे तिचा दिवस आधीच ठरलेला होता. पेपरांत फोटो आले, जुन्या आठवणी निघाल्या. मीरा रोड-भाईंदरहून दहिसर चेकनाका ओलांडून मुंबईत गेलेल्या आपल्या आई-बाबांच्या पिढीने हीच काळी-पिवळी पकडली आणि ती मुळात कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची म्हणून ती आपली मुंबईची गाडी. पण कागदावर ती पहिल्यांदा कुर्ल्यात उतरली नव्हती. ती उतरली इटलीतल्या तुरीन शहरात, एका मेकॅनिकल इंजिनियरच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये. त्याचं नाव दान्ते जाकोसा.

पद्मिनी मागच्या चाकांवर चालणारी गाडी, म्हणजे रिअर व्हील ड्राइव्ह. आज आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, म्हणजे फ्रंट व्हील ड्राइव्ह. गंमत अशी की या दुसऱ्या प्रकारची आज जगभर चालणारी मांडणी पक्की केली तीसुद्धा जाकोसांनीच. एकाच माणसाने दोन्ही गाड्या केल्या, पण दुसरी करायला मिळावी म्हणून त्याला जवळजवळ तीस वर्षं थांबावं लागलं. ती तीस वर्षं त्याने कशी काढली, ते आपल्यासारख्या होणाऱ्या इंजिनियर्सनी वाचण्यासारखं आहे.

लॅटिन, ग्रीक आणि मेकॅनिक्स

दान्ते जाकोसा यांचा जन्म ३ जानेवारी १९०५ चा, रोमचा. घराणं मात्र उत्तर इटलीतल्या पिडमाँट भागातलं, नेइव्हे नावाच्या छोट्या गावचं. आल्प्सच्या पायथ्याचा हा प्रदेश द्राक्षांच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्यांनी आधी लॅटिन, ग्रीक अशा जुन्या भाषा आणि साहित्य शिकलं आणि मग तुरीनच्या पॉलिटेक्निकमध्ये इंजिनियरिंगला प्रवेश घेतला. १९२७ मध्ये डिग्री मिळाली. नंतर सक्तीची लष्करी नोकरी संपवून १९२८ मध्ये ते फियाटमध्ये लागले. सुरुवातीला लष्करी वाहनांचं काम मिळालं, मग विमानाच्या इंजिनांच्या विभागात बदली झाली. तिथे त्यांचे वरिष्ठ होते अंतोनियो फेसिया. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तुरीन आणि थंडी हे समीकरण आपल्याला इथे बसून पटकन कळणार नाही. आपल्याकडे जानेवारीत पंखा एकवर आणला की थंडी पडली म्हणायचं! तुरीनच्या क्षितिजावर मात्र आल्प्सची बर्फाची रांग दिसते. फियाटचे मालक आन्येली यांच्या घराण्याने १९३० च्या दशकात २०३५ मीटर उंचीवर सेस्त्रिएरे हे स्कीइंगचं गावच वसवलं. तुरीनहून तिथे जायचं म्हणजे हिवाळ्यात बर्फाच्या घाटातून गाडी चढवायची. त्यामुळे गाडी बर्फात कशी चालेल हा तिथल्या इंजिनियरला रोजच्या रस्त्यावर पडणारा प्रश्न होता.

कावोरेत्तोची टेकडी

फियाटमध्ये १९३० च्या सुमारास एका छोट्या, स्वस्त, सामान्य माणसाच्या गाडीचा विचार सुरू झाला होता. ओरेस्ते लार्दोने नावाच्या इंजिनियरने त्यासाठी एक नमुना बनवला. इंजिन पुढे आणि ताकदही पुढच्याच चाकांना. मागे प्रोपेलर शाफ्ट नाही, मागचा डिफरन्शियल नाही. गाडी हलकी आणि आत जागा जास्त. कल्पना छान होती.

१९३१ मध्ये ही गाडी चाचणीला निघाली, तीही तुरीनजवळच्या कावोरेत्तोच्या टेकडीवर. गाडीत खुद्द सिनेटर जोव्हान्नी आन्येली बसले होते, म्हणजे कंपनीचे सर्वेसर्वा. चढावर पेट्रोल गळलं आणि गाडीने पेट घेतला. सगळ्यांना गाडीतून बाहेर पडावं लागलं. जीव वाचले, पण लार्दोने यांची नोकरी गेली. आन्येलींनी तिथेच ठरवून टाकलं की फियाटमध्ये फ्रंट व्हील ड्राइव्ह पुन्हा होणे नाही.

आता विचार करा. पेट्रोल गळणं आणि ताकद पुढच्या चाकांना देणं यांचा एकमेकांशी काय संबंध? काहीच नाही! मागच्या चाकांच्या गाडीतही पेट्रोल गळू शकतं. पण साहेबांच्या मनात आग आणि पुढचं चाक यांची गाठ बसली ती बसलीच. व्हायव्हामध्ये एका उत्तराला अडखळलो की बाहेरच्या परीक्षकाला आपली सगळी जर्नल खोटी वाटायला लागते, तसाच प्रकार.

खरंच पुढचं चाक चांगलं का?

बर्फावर कोणती गाडी चांगली याचं उत्तर फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये आहे. चाक रस्त्याला जितकं ढकलू शकतं त्याची मर्यादा म्हणजे घर्षण गुणांक गुणिले त्या चाकावरचा भार. कोरड्या डांबरावर हा गुणांक साधारण ०.८, ओल्यावर ०.५, दाबलेल्या बर्फावर ०.२ आणि गोठलेल्या काचेसारख्या बर्फावर ०.१ च्या आसपास. म्हणजे बर्फावर इंजिनची ताकद कितीही असली तरी उपयोग नाही. ज्या चाकांना ताकद दिली त्यांच्यावर वजन किती, एवढाच प्रश्न उरतो.

एक ढोबळ गणित करू. गाडीचा व्हीलबेस २.५ मीटर, गुरुत्वमध्याची उंची ०.५५ मीटर, रस्त्यावर ०.२ गुणांकाचा बर्फ. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत इंजिन, गिअरबॉक्स सगळं पुढे, त्यामुळे रिकाम्या गाडीत पुढच्या चाकांवर ६० टक्के वजन धरू. इंजिन पुढे आणि ड्राइव्ह मागे अशा गाडीत मागच्या चाकांवर ४५ टक्के धरू. चढावर थोडं वजन मागे सरकतं, तेही हिशोबात घेतलं तर पुढच्या चाकांची गाडी सुमारे ११.५ टक्के चढ चढते आणि मागच्या चाकांची ९.४ टक्के. म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना एक गाडी साडेअकरा मीटर वर जाईल, दुसरी साडेनऊच्या अलीकडेच चाक फिरवत बसेल. सेस्त्रिएरेच्या वाटेवर हा फरक घरी पोचणं आणि रस्त्यात अडकणं यातला आहे.

पण इथे थांबू नका. आता मागे तीन माणसं आणि डिकीत सामान भरा. मागच्या चाकांवरचं वजन ५५ टक्के झालं तर रिअर व्हील ड्राइव्ह गाडी ११.५ टक्के चढते आणि पुढच्या चाकांवर ५० टक्केच उरलं तर फ्रंट व्हील ड्राइव्ह ९.६ वर येते. निकाल उलटा झाला! म्हणून तर मागच्या चाकांच्या गाडीवाले थंड देशांत हिवाळ्यात डिकीत वाळूची पोती टाकतात. कोरड्या रस्त्यावर ०.८ धरून रिकाम्या गाड्यांचं गणित केलं तर मागच्या चाकांची गाडी ४३.७ टक्के आणि पुढच्या चाकांची ४०.८ टक्के, म्हणजे तिथे मागचं चाक थोडं पुढे. नोटबुकच्या शेवटच्या पानावर स्वतः करून बघा, फ्री बॉडी डायग्राम काढली की पाच मिनिटांचं काम आहे. आणखी एक गंमत कळेल. बर्फात न चढणारी फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढवली तर ११.५ चे १२.६ टक्के होतात, कारण मग सरकणारं वजन ड्राइव्हच्याच चाकांवर येतं.

चढापेक्षा वळण जास्त महत्त्वाचं. निसरड्या वळणावर ॲक्सिलरेटर जास्त दाबला तर मागच्या चाकांच्या गाडीची शेपूट बाहेर जाते आणि गाडी गर्रकन फिरते. पुढच्या चाकांची गाडी त्याऐवजी सरळ जायला बघते. पाय उचलला की बहुतेक वेळा ती परत ताब्यात येते. नवख्या ड्रायव्हरच्या हातून पाय घाबरून आपोआप उचलला जातो, त्यामुळे त्याच्यासाठी दुसरी चूक पहिलीपेक्षा बरी. ब्रेकच्या बाबतीत मात्र दोघींत तसा फरक नाही, कारण ब्रेक चारही चाकांना असतात. बर्फावर पटकन सुटणारी गाडी पटकन थांबेलच असं समजणारे लोक खड्ड्यात जातात. थांबण्यासाठी हिवाळी टायर लागतात किंवा साखळ्या, आणि साखळ्यासुद्धा ज्या चाकांना ड्राइव्ह आहे त्यांना आधी. मनाली-सोलांगला जाणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आपल्याकडच्या पावसाला हेच गणित लावलं तर ०.५ गुणांकावर दोन्ही गाड्या २५ टक्क्यांच्या आसपासचा चढ चढतात. म्हणजे घोडबंदर रोडवरचा गायमुख घाट चढायला दोघींनाही अडचण नाही. तिथे धोका आहे तो वळणावर सांडलेल्या ऑइलचा आणि चिखलाचा. ट्रॅफिकबद्दल बोलायलाच नको!

अडचण एका सांध्याची

१९३० च्या दशकात फ्रंट व्हील ड्राइव्हला विरोध करायला एक खरं कारणही होतं. पुढच्या चाकाला ताकदही द्यायची आणि त्याला वळूही द्यायचं, म्हणजे शाफ्टमध्ये सांधा हवा. थिअरी ऑफ मशीन्समध्ये आपण हुकचा जॉइंट शिकतो. त्याचा दोष असा की कोन वाढला की बाहेरचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत नाही. ३० अंशाच्या कोनात त्याचा वेग एका फेरीत दोनदा १५ टक्क्यांनी वाढतो आणि दोनदा १३ टक्क्यांनी कमी होतो. स्टिअरिंग हातात थरथरतं आणि सांधा लवकर झिजतो. यावर उपाय म्हणजे कॉन्स्टंट व्हेलॉसिटी जॉइंट, पण स्वस्त आणि टिकाऊ सीव्ही जॉइंट मोठ्या प्रमाणात मिळायला १९५० चं दशक संपत आलं. सित्रोएनने १९३४ मध्ये फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी आणली खरी, पण ती महाग आणि मोठी होती.

त्यामुळे १९३४ च्या सुमारास आन्येलींनी छोट्या गाडीचं काम पुन्हा काढलं आणि फेसिया यांनी ते २९ वर्षांच्या जाकोसांकडे सोपवलं तेव्हा हुकूम आणि तंत्रज्ञान दोन्ही त्यांच्या विरुद्ध होते. त्यांनी आदळआपट केली नाही. ड्राइव्ह मागे ठेवला, पण ५६९ सीसीचं इंजिन अगदी पुढे, पुढच्या चाकांच्याही पुढे ढकललं आणि रेडिएटर त्याच्या मागे वर टांगला. त्यामुळे पाय ठेवायला जागा मिळाली. १९३६ मध्ये ही फियाट ५०० बाजारात आली. लोकांनी तिला टोपोलिनो म्हणायला सुरुवात केली, मिकी माऊसला इटलीत हेच नाव आहे. आन्येलींना ती ५,००० लिरात हवी होती, निघाली ८,९०० लिराला. तरी पुढच्या वीसेक वर्षांत पाच लाखांवर गाड्या खपल्या.

१०८९ सीसी

पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, जाकोसांची ५०८ सी बालिल्ला ११०० आली. तिच्या इंजिनचा बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी, चार सिलिंडर. गुणाकार करा, १०८९ सीसी येतात. पद्मिनीच्या कागदपत्रांवर जो आकडा असायचा तोच हा! १९३७ मध्ये तुरीनमध्ये ठरलेला आकडा कुर्ल्यात विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत चालला.

मग युद्ध आलं. तुरीनवर बॉम्ब पडले. युद्ध संपल्यावर जाकोसा फियाटच्या गाड्यांच्या डिझाइनचे प्रमुख झाले. १९४६ मध्ये त्यांनी फियाटचेच छोटे पार्ट वापरून चिसितालिया कंपनीसाठी डी ४६ ही रेसिंग कार बनवली. १९५३ मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये फियाट ११००/१०३ आली. वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळा भार घेणारी. पुढे इंजिन, मधून प्रोपेलर शाफ्ट, मागे पाट्यांच्या स्प्रिंगवर सरळ ॲक्सल आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. टॅक्सीत बसलेल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९५० च्या दशकात ही ११०० कुर्ल्यात बनवायला घेतली. १९६० च्या दशकात तिची सुधारलेली ११०० डी आली आणि १९७० च्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. नाव बदललं तरी मुंबईकर तिला फियाटच म्हणत राहिले.

पाच माणसं आणि टपावर सामान घेऊन ही गाडी पावसाळ्यात घाट चढायची याचं कारण वरच्या गणितात आहे. टॅक्सी क्वचितच रिकामी असते. भरलेल्या गाडीला मागचा ड्राइव्ह मुळीच वाईट नाही. जाकोसांनी हुकुमापायी केलेली गाडी म्हणून ती कमी दर्जाची नव्हती, आणि हीच मला त्यांच्याबद्दल सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे. मनात दुसरी मांडणी असताना त्यांनी समोरच्या कामात कसूर केली नाही.

इंजिन गेलं मागे

आन्येली १९४५ मध्ये वारले. त्यांच्यानंतर कारभार पाहणारे विटोरियो व्हॅलेत्ताही धोका पत्करणारे नव्हते. युद्धानंतर लोकांना अगदी स्वस्त गाडी हवी होती. प्रोपेलर शाफ्ट ठेवला तर वजन आणि किंमत वाढते. फ्रंट व्हील ड्राइव्ह केला तर सीव्ही जॉइंट परवडत नाही. जाकोसांनी तिसरा मार्ग काढला आणि इंजिनच उचलून मागे, मागच्या चाकांजवळ ठेवलं. १९५५ ची फियाट ६०० आणि ४ जुलै १९५७ ला आलेली छोटीशी नवी फियाट ५०० या अशा झाल्या. नव्या ५०० मध्ये एअर कूल्ड, दोन सिलिंडरचं ४७९ सीसीचं इंजिन होतं. इटलीतलं सामान्य कुटुंब स्कूटरवरून गाडीत आलं ते या दोन गाड्यांमुळे. १९५९ मध्ये ५०० ला डिझाइनचा मोठा पुरस्कार, कोंपास्सो द'ओरो मिळाला. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तिचं एक मॉडेल आपल्या संग्रहात घेतलं.

बर्फावर या गाड्या चांगल्या चढायच्या, कारण वजन आणि ड्राइव्ह एकाच ठिकाणी. पण पुढची चाकं हलकी पडायची आणि निसरड्यावर स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळेलच याची खात्री नसे. शिवाय डिकी पुढे, तीही इवलीशी. जाकोसांना हे सगळं माहीत होतं. पुढच्या चाकांचा विचार त्यांनी सोडला नव्हता.

दुसऱ्याच्या नावाखाली

१९५९ मध्ये इंग्लंडमध्ये अलेक इसिगोनिस यांची मिनी आली आणि सगळं बदललं. इंजिन आडवं, ड्राइव्ह पुढच्या चाकांना, नवे सीव्ही जॉइंट. गिअरबॉक्स मात्र इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीतच घातलेला, म्हणजे दोघांना एकच ऑइल. पुढच्याच वर्षी इटलीत लान्चियाची फ्लाव्हिया आली, इटलीत मोठ्या प्रमाणावर बनलेली पहिली फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी. ती कोणी केली? जाकोसांचे जुने वरिष्ठ अंतोनियो फेसिया यांनी! फियाटच्या बाहेर पडून त्यांनी ते करून दाखवलं होतं.

जाकोसा तेव्हा पंचावन्नचे. कंपनीत मोठा मान, नावावर लाखो गाड्या. गप्प राहून निवृत्त झाले असते तरी कोणी काही म्हटलं नसतं. त्यांनी पुन्हा प्रस्ताव मांडला. वरच्या लोकांची भीती अशी की फ्रंट व्हील ड्राइव्ह फसलं तर फियाटचं नाव जाईल. मग गाडी फियाटच्या नावाने काढायचीच नाही असं ठरलं. बियांकी, पिरेली आणि फियाट यांनी मिळून १९५५ मध्ये ऑटोबियांकी नावाची छोटी कंपनी काढली होती. तिच्या नावाखाली १९६४ मध्ये प्रिमुला ही गाडी आली.

तिच्या बॉनेटखाली काय होतं माहीत आहे? ११०० डी चं १२२१ सीसीचं इंजिन. स्ट्रोक तोच ७५ मिमी, बोअर ६८ चा ७२ केलेला. आपल्या टॅक्सीच्या इंजिनाचं सख्खं भावंड, फक्त आडवं बसवलेलं. मिनीसारखा गिअरबॉक्स खाली न घालता जाकोसांनी तो इंजिनच्या टोकाला, एका ओळीत लावला. त्यासाठी क्लच सोडण्याची यंत्रणा एकदम आखूड करावी लागली, नाहीतर दोन्ही मिळून दोन चाकांच्या मध्ये मावले नसते. डिफरन्शियल मधोमध आला नाही, एका बाजूला सरकला. मग दोन ड्राइव्ह शाफ्ट वेगवेगळ्या लांबीचे ठेवले, एक आखूड, एक लांब. वरवर बेढब वाटणारी ही मांडणी बनवायला सोपी आणि स्वस्त निघाली. इंजिनचं ऑइल वेगळं, गिअरचं वेगळं, दुरुस्तीही सुटसुटीत. १९६५ च्या युरोपियन कार ऑफ द इयरमध्ये प्रिमुला दुसरी आली.

प्रिमुला चालली आणि मगच फियाटने आपलं नाव लावायची हिंमत केली. १९६९ मध्ये फियाट १२८ आली. मांडणी प्रिमुलाची, पण १११६ सीसीचं नवं इंजिन आउरेलियो लाम्प्रेदी यांचं. रेडिएटर समोर आणि त्याला विजेवर चालणारा पंखा, कारण आडव्या इंजिनची पुली आता समोर उरली नव्हती. १२८ ला १९७० चा युरोपियन कार ऑफ द इयर मिळाला. कावोरेत्तोच्या टेकडीवरच्या आगीला तेव्हा ३८ वर्षं झाली होती. १९७० च्या सुरुवातीला जाकोसा निवृत्त झाले.

बर्फाची परीक्षा

त्यांचा अंदाज बरोबर होता का, हे तपासायला एक मोठी प्रयोगशाळा उपलब्ध आहे. मॉन्टे कार्लो रॅली दर जानेवारीत आल्प्सच्या बर्फाळ घाटांतून होते. १९६१ ते १९७३ या तेरा वर्षांचे विजेते बघा. १९६१ पानार, १९६२ आणि १९६३ साब, १९६४ आणि १९६५ मिनी, १९६६ सित्रोएन, १९६७ पुन्हा मिनी आणि १९७२ लान्चिया फुल्व्हिया. या आठही वेळा पुढच्या चाकांची गाडी. उरलेल्या पाच वेळा, म्हणजे १९६८ ते १९७० पोर्शे ९११ आणि १९७१ व १९७३ अल्पीन. या मागच्या चाकांच्या, पण इंजिनही मागेच असलेल्या. इंजिन पुढे आणि ड्राइव्ह मागे अशी गाडी तेरा वर्षांत एकदाही जिंकली नाही. म्हणजे खरा सामना पुढचं चाक विरुद्ध मागचं चाक असा नव्हताच. इंजिनाचं वजन ज्या चाकांवर, त्याच चाकांना ताकद, हे साधं तत्त्व जिंकत होतं. जाकोसांनी ६०० मध्ये ते एका टोकाने केलं आणि १२८ मध्ये दुसऱ्या टोकाने.

आपल्या रस्त्यावर

ही मांडणी भारतात पोचली ती फियाटच्या नव्हे, सुझुकीच्या हातून. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची चावी ग्राहकाला मिळाली. ७९६ सीसीचं आडवं इंजिन, टोकाला गिअरबॉक्स, ड्राइव्ह पुढे. जाकोसांचाच आराखडा! आणि त्याच गाडीने पुढे त्यांच्याच पद्मिनीला बाजारातून हटवलं. एका इंजिनियरच्या नव्या कल्पनेने त्याच्याच जुन्या गाडीला निवृत्त केलं, असं फार कमी जणांच्या बाबतीत होतं. पुण्याजवळ रांजणगावला फियाट आणि टाटांच्या कारखान्यात नंतर ज्या पुंटो आणि लिनिया बनल्या त्याही पुढच्याच चाकांच्या. मागचा ड्राइव्ह अजून आहे, पण तो जिथे मागे ओझं असतं तिथे, म्हणजे बोलेरो, ईको, टेम्पो, ट्रक यांच्यात. वरचं गणित इथेही लागू पडतं.

निवृत्तीनंतर जाकोसांनी फियाटमधल्या चाळीस वर्षांच्या कामाच्या आठवणी लिहिल्या. आयसी इंजिनवरचं त्यांचं जाडजूड पाठ्यपुस्तक इटलीतल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरलं. म्हणजे तिथल्या मुलांनी सबमिशनच्या आदल्या रात्री त्यांचं नाव वेगळ्या कारणासाठीही घेतलं असणार! ३१ मार्च १९९६ ला तुरीनमध्ये, ९१ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर त्यांची फियाट पूर्ण जोरात धावत होती.

आपल्यातले बरेच जण दोन-तीन वर्षांत कुठल्या ना कुठल्या कंपनीत लागतील. तिथे आपलं बरोबर असूनही ऐकलं जाणार नाही असे दिवस येणारच. लार्दोने यांच्यावर अन्याय झाला, पण त्यांची कल्पना मेली नाही. कारण शेजारच्या टेबलावर बसलेल्या एका तरुण इंजिनियरने ती मनात जपली, जे करायला मिळालं ते उत्तम केलं आणि सांधा तयार झाल्यावर, पंचावन्नाव्या वर्षीही, फाइल पुन्हा उघडली. पुढच्या वेळी पावसात रिक्षा न मिळून कोणाच्या गाडीतून मीरा रोड स्टेशनला जाल, तेव्हा मागच्या सीटवर पायाखाली बघा. पद्मिनीत मधोमध प्रोपेलर शाफ्टसाठी भलामोठा उंचवटा असायचा. आता तिथे जवळजवळ सपाट जमीन आहे आणि तिसऱ्या माणसालाही पाय ठेवता येतात. ती जागा दान्ते जाकोसांनी करून दिली आहे.